गळा बसतो तो गद्याने

पत्र थोडक्यात: वय 27. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, सध्या पुण्यात बँकेत नोकरी. 12 वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. गेल्या वर्षी एका हौशी संस्थेच्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा केली आणि राज्य संगीत नाट्यस्पर्धेत गायनाचं बक्षीस मिळालं. तो प्रयोग पाहून एका व्यावसायिक निर्मात्याने नव्या संगीत नाटकात मुख्य भूमिका देऊ केली आहे. महिन्याला 18 प्रयोग, शिवाय दौरे. अट एकच, नोकरी सोडायची. दिग्दर्शक म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. गुरुजी म्हणतात, नाटकात गेलीस की गाणं संपलं. आई म्हणते, आधी लग्न. त्यात नाटकाचं संगीत ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं असणार आहे आणि नायकाच्या सोयीने माझी पदंही काळी दोनमध्ये बसवायची म्हणतात. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा माझा सा, काळी चार. ‘ताई, मी मुळात गायिका. अभिनय आपला जमेल तेवढा. दोन्हींतलं एकच निवडायचं, तर कुठलं?’

प्रिय सुभद्रे,

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून भूमिकेच्या नावानेच हाक मारते.

चार पानी पत्रात ‘संधी’ हा शब्द सात वेळा आलाय. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती ठरली, हे एकदाही नाही. तालमीचे पैसे मिळणार का, दौऱ्यावर मुक्काम कुठे, प्रयोग रद्द झाला तर काय, यातलंही काही नाही. दिग्दर्शक काय म्हणाले, गुरुजी काय म्हणाले, आई काय म्हणाली हे मात्र शब्दशः आहे. मला यात तुझा दोष दिसत नाही. आपल्याकडे गाणाऱ्या माणसाने पैशाचं विचारलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो पडू नये म्हणून आपण विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा आधी हिशेब, मग कला.

18 प्रयोग हा आकडा कुठून आला ते विचार. नवं नाटक उभं राहताना निर्माता जो आकडा सांगतो तो त्याच्या आशेचा असतो. खोटं बोलतो असं नाही, पण ती आशाच. व्यावसायिक मराठी नाटकाचं बुकिंग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चालतं. परीक्षा आल्या, निवडणुका आल्या, धो धो पाऊस लागला, की तारखा हातात असूनही प्रयोग लागत नाहीत. महिन्यातले शनिवार-रविवार मिळून दिवस आठ, फार तर दहा. दिवसाला दोन प्रयोग लावल्याशिवाय किंवा सलग दौरा काढल्याशिवाय 18 होत नाहीत. एकाच दिवशी दोनदा मुख्य भूमिका, पदांसकट, तुझा गळा करू शकतो का, हे अजून तुलाही माहीत नाही. स्पर्धेत तू एक प्रयोग केलास, फेरी पुढे गेली असेल तर दोन.

म्हणून नाईट गुणिले 18 असा हिशेब करू नकोस. नाईट गुणिले सहा कर आणि त्यावर पुण्यातलं भाडं भागतं का बघ. भागत असेल तर पुढचं बोलू. नसेल, तर ‘नोकरी सोड’ म्हणणारा माणूस तुझ्या पगाराएवढी जोखीम तुझ्या डोक्यावर ठेवतोय, आणि ती त्याला फुकट पडते आहे.

‘पुन्हा येत नाही’ या वाक्याने तू फार घाबरली आहेस. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं 1967च्या डिसेंबरात, तेव्हा ते 47 वर्षांचे होते. त्या नाटकातले त्यांचे खाँसाहेब नोकरीमुळे हुकले नाहीत. तू म्हणशील, ते पुरुष होते. खरं आहे, नायिकेच्या वयाला रंगभूमी निष्ठुर असते. पण 27 म्हणजे उतरणीचं वय नव्हे. आणि हे नाटक 25 प्रयोगांत आटोपलं (नाटकं आटोपतात, चांगलीसुद्धा), तर बँक तुला परत घेणार आहे का, याचं उत्तर दिग्दर्शकांकडे नाही.

आता गुरुजी. त्यांच्याबद्दल तू फार आदराने लिहिलं आहेस, म्हणून जपून लिहिते. ‘नाटकात गेलं की गाणं बिघडतं’ हे वाक्य मी माझ्या गुरूंकडूनही ऐकलं, आणि त्यांनी त्यांच्या गुरूंकडून ऐकलं असणार. पण ‘स्वयंवर’ची पदं 1916 साली बांधली ती भास्करबुवा बखल्यांनी, म्हणजे त्या काळच्या पहिल्या रांगेतल्या ख्यालगायकाने. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत भीमपलास किंवा यमन पहिल्यांदा पोचला तो नाटकाच्या पदातून. हिराबाई बडोदेकरांनी 1929च्या सुमारास भावंडांबरोबर नाटक कंपनी काढली. ती काही वर्षांतच बंद पडली. हिराबाईंचं किराणा घराण्याचं गाणं त्यानंतर पुढची कित्येक वर्षं ऐकणाऱ्यांनी ऐकलं. प्रभा अत्रे तरुणपणी ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’, ‘मृच्छकटिक’ अशा नाटकांतून उभ्या राहिल्या, पुढे आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांचं गाणं नाटकाने बिघडलं, असं म्हणणारा मला तरी भेटला नाही.

तरी गुरुजींच्या म्हणण्यात एक खरा काटा आहे, तो त्यांना नीट सांगता आला नसेल इतकंच. नाटक रियाजाची वेळ खातं. सकाळी सहाचा खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) रात्री अडीचला घरी पोचलेली मुलगी लावू शकत नाही. शिवाय पद रोज त्याच जागेवर, त्याच टाळीसाठी गायलं की गळ्याला सवय लागते. ट्रॅकवर तर ती जागा सेकंदांनी बांधलेलीच असते. वन्स मोअर आला तरी काय करणार, पुन्हा तीच फाईल लावणार. तेव्हा त्यांना ‘नाटक करू का’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘आठवड्यातले दोन दिवस दुपारी शिकवाल का’ असं विचार. नाटकाच्या मोसमात तुझं गाणं त्यांच्या कानाखाली राहिलं, तर तुझी वाट चुकली हे त्यांना कुणाकडून ऐकावं लागणार नाही, स्वतःच पकडतील.

गळ्याचं मात्र मी सांगते, कारण ते मी भोगलंय.

मी चोविशीत एका मंडळीबरोबर दौऱ्यावर होते. नाव सांगत नाही, मंडळी आता नाही. खानदेशात सलग तिसरा प्रयोग. दुसऱ्या अंकात एक भांडणाचा प्रवेश होता, सगळा गद्य. मागच्या रांगेला ऐकू जात नाही असं व्यवस्थापकांनी विंगेतून हाताने खुणावलं, म्हणून मी ओरडले. प्रवेश रंगला, टाळीही पडली. लगेच पद. मध्य सप्तकात सगळं ठीक होतं. तार षड्जावर गेले आणि आवाजच आला नाही, नुसती हवा. ऑर्गनवाल्या काकांनी तो सा दोन मात्रा धरून ठेवला आणि लोकांना वाटलं मी मुद्दाम सोडला. आत आल्यावर काकांनी एकच वाक्य सांगितलं, ‘पोरी, गळा पदांनी बसत नाही, गद्याने बसतो.’ दुसऱ्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. चौथा प्रयोगही केला. त्याचं बिल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे भरलं, तीन आठवडे पाटी-खडू घेऊन घरात बसले.

गाणाऱ्या मुली पदांची तालीम करतात, गद्याची करत नाहीत. ‘अभिनय आपला जमेल तेवढा’ हे तुझं वाक्य वाचून मला त्याचीच भीती वाटली. संगीत नाटकात तू दोन-अडीच तास असशील, त्यातलं गाणं पाऊण तासाच्या वर क्वचित जातं. उरलेला वेळ तू बोलणार आहेस, रडणार आहेस, कुणाला तरी हाका मारणार आहेस. ते सगळं त्याच दोन स्वरतंतूंवर. गायिकेला संवाद फेकायला कुणी शिकवत नाही, म्हणून ती घशातून बोलते. दिग्दर्शकांना सांग की तालमीचे पहिले पंधरा दिवस तुला गद्य हवंय. हसतील. हसू देत.

आणि हे पाठ करून ठेव, इतर गाणाऱ्या-बोलणाऱ्यांनीही. आवाज बसलेला असताना कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजण्यानेही ताण येतो, गप्प राहणं ती विश्रांती. सारखं खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं. प्रयोगानंतर रात्रीच्या बसमध्ये एसीच्या झोताखाली बसून शेजारणीशी गप्पा मारत यायचं नाही. (हे सगळ्यांत अवघड, कारण प्रयोगानंतरच्या गप्पा हे नाटकाचं खरं मानधन.) ज्येष्ठमध चघळ, बरं वाटतं, पण तो इलाज नाही. आवाजातला जाडपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर घरचे काढे बाजूला ठेवून डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्यायचे.

आता पट्टी. तुझ्या पत्रात हा मुद्दा ‘शिवाय’ म्हणून शेवटी आलाय. माझ्या मते तो पहिला असायला हवा होता. काळी चारवाली मुलगी काळी दोनमध्ये गायली तर गळ्याला उलट आरामच, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मैफलीत एक वेळ चालेलही. थिएटरमध्ये खालचे स्वर पोचत नाहीत, म्हणून आपण ते छाती लावून ढकलतो, आणि तुझ्या आवाजाची जी चकाकी पाहून त्यांनी तुला घेतलं ती वर राहून जाते. चार महिन्यांनी लोक म्हणतील, स्पर्धेत बरी गायली होती.

नुसती तक्रार नको, उपाय घेऊन जा. नायकाच्या काळी दोनचा मध्यम (म) म्हणजेच तुझी काळी चार. तुझी एकटीची पदं तुझ्या पट्टीत बांधायला ट्रॅकची अडचण काहीच नाही, ट्रॅक अजून व्हायचाच आहे. अडचण आहे ती द्वंद्वपदांची, दोघांनी मिळून गायच्या पदांची. तिथे संगीतकाराने त्याच्या मध्यमाला तुझा षड्ज (सा) मानून तुझी ओळ बांधली, तर दोघंही आपापल्या जागी गातील. हे नवं काही नाही, ऑर्गनवर हात असलेल्या कुणालाही विचार. संगीतकारांना स्वतः भेट, दिग्दर्शकांमार्फत निरोप पाठवू नकोस. ट्रॅक ध्वनिमुद्रित होण्याआधी भेट, नंतर सगळे ‘आता काय करणार’ म्हणतात. ते एकदाही ऐकून घ्यायला तयार नसतील, तर त्या तालमीत तुझं पुढे काय होणार तेही कळेल.

‘दोन्हींतलं एकच निवडायचं’ हे तुला कुणी सांगितलं? आशालता वाबगावकर 1964च्या ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकीबुवांनी बांधलेली पदं गात आल्या. पुढे लोक त्यांना ओळखू लागले ते सिनेमा-मालिकांतली अभिनेत्री म्हणून. 2020 मध्ये गेल्या, तेव्हाही मालिकेच्या चित्रीकरणात होत्या. फैयाज यांनी ‘कट्यार’मधली झरीना केली आणि त्या गायिका की नटी हा प्रश्न आजवर कुणी मिटवलेला नाही, मिटवायची गरजही पडली नाही. प्रभाताईंनी नाटक मागे ठेवून मैफल धरली. कीर्ती शिलेदार जन्मभर संगीत नाटकातच राहिल्या, 2018 साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. पण एक विसरू नकोस, त्यांच्या घरचीच नाटक संस्था होती, जयराम आणि जयमाला शिलेदारांनी उभी केलेली. त्यांना तालमीला, तारखेला, पट्टीला कुणाची मिनतवारी करावी लागली नसणार. तुझ्या घरी संस्था नाही, बँकेचा पगार आहे. तीच तुझी नाटक कंपनी समज.

या सगळ्यांतल्या कुणीही सत्ताविसाव्या वर्षी एका बैठकीत ‘मी अमुक’ असं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. काम येत गेलं, गळा साथ देत गेला किंवा दमला, संसार मध्ये आला, नाटकं बंद पडली. आपण मागून पाहतो म्हणून ती वाट सरळ दिसते.

मग काय करायचं? बँकेत आधी दोन गोष्टी लेखी विचार: बिनपगारी रजा किती महिने मिळते, आणि बाहेर मानधन घेऊन काम करायला परवानगी कशी घ्यायची. परवानगीशिवाय नाईट घेतलीस आणि कुणी कळवलं, तर बक्षिसाचा फोटो नोटिशीला जोडून येईल. तालमी आणि पहिले काही प्रयोग यासाठी तीन महिने रजा मिळाली तर मोठंच काम झालं. निर्मात्याला सांग: शनिवार-रविवार आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारला जोडून येणारे दौरे मी करीन, मधल्या वारांसाठी बदली नायिका तयार करा. मुख्य भूमिकेला बदली म्हटलं की मुलींना पोटात गोळा येतो, तिने माझ्यापेक्षा बरं गायलं तर? गाऊ दे. जिला बदली नाही तिला आजारी पडायची सोय नाही, हे मी चौथ्या प्रयोगाला शिकले. त्यांनी साफ नाही म्हटलं, ‘सगळं किंवा काहीच नाही’ म्हटलं, तर मी तुझ्या जागी नाटक सोडीन. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाहीये.

करार लेखी घे, साध्या कागदावरचा असला तरी. नाईट, ती कधी मिळणार, प्रवास-मुक्काम, ऐनवेळी रद्द झालेल्या प्रयोगाचं काय, आणि एक गोष्ट जी नवख्या गायिका विसरतात: तुझ्या आवाजात पदं ध्वनिमुद्रित केली, तर ती कुठे कुठे वापरणार? तू नाटक सोडल्यावर दुसरी मुलगी उभी राहून तुझ्या आवाजावर ओठ हलवणार का? कॉपीराइट कायद्यात 2012च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्याचे हक्क पूर्वीपेक्षा पक्के झालेत, पण कागदावर सही करून ते सोडून दिलेस तर कायदा काय करणार. वकील परवडत नसेल तर नाटकातली एखादी जुनी बाई गाठ. ती चहाच्या कपावर सगळं सांगेल, कुणी कुणाचे बुडवले त्यासकट.

नाटक हातचं गेलं तर? हौशी संस्थेतली सुभद्रा कुणी काढून घेतलेली नाही. राज्य स्पर्धा आहे, पुण्यात भरत नाट्य मंदिर आहे, रत्नागिरीला संगीत नाटकं करणारी ‘खल्वायन’ संस्था आहे. दिवाळी पहाटेला नाट्यपदं गाणाऱ्या मुली शोधत आयोजक गणपतीपासूनच फिरत असतात, आणि पद अभिनयाने उभं करणारी सापडली तर पुढच्या वर्षी तिलाच बोलावतात. याच महिन्यात आणखी दोन पत्रं अशीच आली, एक लावणी गाणारीचं, एक ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलाचं. दोघांनाही हेच सांगेन, आधी सहाचा हिशेब करा.

आईचं शेवटी घेतलं, कारण तिथे फार लिहिण्यासारखं नाही. ‘आधी लग्न’ असं ती म्हणते, पण मला वाटतं तिची काळजी रात्री दोनला बस तुला कुठे उतरवते याची आहे. ती रास्त आहे. बायकांचा मुक्काम कुठे असतो, घरापर्यंत गाडी सोडते का, व्यवस्थापकांचा नंबर काय, हे विचारून तिला दे. एखाद्या तालमीला घेऊन ये. लग्नाचं मग बोला, आणि बघायला येणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांग की शनिवार-रविवारी मी घरी नसते. बरीच स्थळं आपोआप कमी होतील, आईचेही कष्ट वाचतील.

सोमवारी संगीतकारांना फोन कर. बोलताना पेटी जवळ ठेव, म्हणजे मध्यमाचं तोंडी सांगत बसावं लागणार नाही, वाजवूनच दाखवता येईल. पट्टीचं काय ठरलं ते मला कळव. बाकीचं नाही कळवलंस तरी चालेल.

तुझी,
ताई